सोमा खेळताना या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

पहिल्यांदा सोमा ही हॉरर व्हिडिओ गेम खेळायला घेतली तेव्हा मी शेजारी वही-पेन घेऊन बसलेले. कुठे काय निवडलं ते लिहून ठेवायचं, मग दुसऱ्या वेळी बरोब्बर उलटं करायचं आणि दुसरा शेवट बघायचा, असा सगळा हिशोब. त्याच वर्षी अंटिल डॉन नावाची गेम आलेली, तिच्यात कोण जगणार नि कोण मरणार हे तुमच्या एकेका बटणावर अवलंबून, त्यामुळे डोक्यात तेच बसलेलं. तर सोमात शेवट एकच आहे. तुम्ही कुणाला मारा, सोडा, काय वाटेल ते करा, गोष्ट जिथे जायची तिथेच जाते. हे कळल्यावर मी वैतागलेच होते आणि नेटवर आजही कुणी ना कुणी येऊन हेच रडगाणं गातो की चॉईस सगळ्या फेक आहेत.

फेक नाहीयेत हो. पेपर तुम्ही लिहायचा, तपासायला कुणी येणार नाही, एवढंच. पण हे कळायला मला एक अख्खा राउंड लागला आणि तेवढ्यात इतक्या चुका केल्या की आता लिहूनच टाकते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन: गेम स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सची, म्हणजे ॲम्नेशिया ही हॉरर गेम बनवणारी मंडळी, आली २२ सप्टेंबर २०१५ ला. सायमन जॅरेट नावाचा टोरंटोचा साधा पोरगा, पुस्तकाच्या दुकानात काम करतो, गाडीच्या ॲक्सिडेंटमध्ये मेंदूला मार बसलेला, म्हणून २०१५ मध्ये एका प्रायोगिक उपचारासाठी ब्रेन स्कॅन करून घ्यायला जातो. खुर्चीत बसतो, डोळे उघडतो तर २१०४ साल, समुद्राच्या तळाशी पाथॉस-टू नावाचं मोडकळीला आलेलं केंद्र आणि आजूबाजूला माणूस नाही. वर पृथ्वी जळून गेलीय, २१०३ च्या जानेवारीत टेलॉस नावाचा धूमकेतू आदळला. बास, पुढचं तुम्ही बघा. अर्ध्या लेखानंतर स्पॉयलर आहेत, तिथे सांगेन.

पहिली चूक: ॲम्नेशियासारखी खेळायची

म्हणजे राक्षस दिसला की पळ, कपाटात लप, कंदिलाचं तेल जपून वापर. इथे लपाछपी आहे पण ती गेमचा जीव नाहीये. मी पहिले दोन तास फक्त पळाले आणि भिंतीवरचं, टेबलावरचं, कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही वाचलं नाही, मग लॅम्डाला (पाथॉस-टूच्या भागांना अशी ग्रीक अक्षरांची नावं आहेत) पोचल्यावर कॅथरीन चुन, म्हणजे पुढे सायमनला सोबत करणारी तिथली शास्त्रज्ञ, एकेका माणसाबद्दल बोलायला लागली आणि मला एक नाव आठवेना. या गेममध्ये मेलेल्या माणसाजवळ गेलात की त्याच्या ब्लॅकबॉक्समधून शेवटच्या क्षणाचं रेकॉर्डिंग ऐकता येतं. ते सोडलंत तर पुढे तुम्हाला ज्यांच्याबद्दल निर्णय घ्यायचाय ती माणसं तुमच्यासाठी नुसती नावंच राहतात, आणि मग तक्रार की इमोशनल वाटलं नाही. कसं वाटेल?

राक्षसांचं म्हणाल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे हे लक्षात घ्या, सगळ्यांना एकच उपाय चालत नाही. कुणाला दिसत नाही पण ऐकू येतं, तिथे वाकून हळू चालायचं आणि वाटेतल्या वस्तूंना धक्का लावायचा नाही. बुडालेल्या क्युरी जहाजावरचा जो आहे त्याच्याकडे बघायचंच नाही, नजर खाली ठेवून भिंतीच्या कडेने सटकायचं. स्क्रीन फाटल्यासारखी व्हायला लागली, मुंग्या आल्या, की समजायचं तो जवळ आहे, ग्राफिक्स कार्डला शिव्या घालायच्या नाहीत (मी ड्रायव्हर अपडेट करून बसले होते). एकदा मार बसला की सायमन लंगडतो, डोळ्यापुढे धूसर होतं, तेव्हा भिंतीवर ते किळसवाणं फुलासारखं काहीतरी दिसेल त्यात हात घालायचा. हो, घालायचाच. तब्येत त्यानेच सुधरते.

आणि दारं. नुसतं क्लिक करून दार उघडत नाही, पकडून ओढायचं किंवा ढकलायचं असतं. याचा फायदा असा की दोन बोटं फट ठेवून पलीकडे डोकावता येतं. धाडकन उघडाल तर पलीकडच्याला आमंत्रणच.

दुसरी चूक: सेफ मोडची लाज वाटणं

१ डिसेंबर २०१७ ला गेम एक्सबॉक्स वनवर आली तेव्हा सेफ मोड आला आणि पीसीवाल्यांनाही मिळाला. यात राक्षस असतात, फिरतात, अंगावर काटा आणतात, पण जीव घेत नाहीत. त्याआधीच स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, लोकांनी स्वतःच वस मोड (वस म्हणजे भित्रट) नावाचा बदल काढलेला, म्हणजे मागणी खरीच होती. माझा मामेभाऊ म्हणाला की सेफ मोड म्हणजे चीटिंग, म्हणून मी नॉर्मलवर अडून बसले आणि थीटाला एकाच कॉरिडॉरमध्ये किती वेळा मेले त्याची मोजदाद नाही. सातव्या-आठव्यांदा मेल्यावर भीती उरत नाही, निव्वळ कंटाळा उरतो, आणि या गोष्टीला कंटाळा परवडत नाही. वारंवार अडकत असाल तर गुपचूप सेफ मोडवर घ्या. खरी भीती बोलण्यात आहे, ती कुठल्याच मोडमध्ये बंद होत नाही.

हेडफोन लावा, सबटायटल चालू ठेवा, ब्राइटनेस फुल करू नका. यावर जास्त काय सांगायचं.

तिसरी चूक: बरोबर उत्तर शोधत बसणं

इथून पुढे स्पॉयलर. खेळायची असेल तर थांबा, खेळून या.

ही माझी सगळ्यात मोठी चूक. सुरुवातीलाच अप्सिलॉनला कार्ल सेमकेन भेटतो. जमिनीवर पडलेला तुटका रोबोट, पण त्याला वाटतंय की आपण माणूस आहोत, जखमी आहोत, मदत येतेय. आपल्याकडच्या गोष्टीतला मुंजा पिंपळावर बसतो पण आपण मेलोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कार्लला तेवढीही सोय नाही. पुढे जायला वीज लागते, ती वळवायची तर भोगणार कार्ल, किती नि कसं ते तुमच्या हातात. मी काय केलं? गेम पॉज केली, फोन काढला आणि वॉकथ्रू उघडलं. त्यात लिहिलेलं, याने पुढे काही फरक पडत नाही. मग मी जे जवळचं होतं ते बटण दाबलं आणि चालायला लागले.

वॉकथ्रूने मला खोटं सांगितलं नव्हतं. पण त्या एका वाक्याने पुढच्या पाच-सहा प्रसंगांची वाट लावली, कारण प्रत्येक वेळी डोक्यात तेच, फरक पडत नाही ना मग दाब. एमी अझारो यंत्राला जोडून कशीबशी श्वास घेतेय, तिची वायर काढायची का? डेल्टाला पोचल्यावर आपल्याला एक टूल चिप हवी असते, एक रोबोट माणसासारखा बोलतो आणि एक बिचारा बोलतच नाही, कुणाची काढायची? मी बोलणाऱ्याला वाचवलं आणि खूप चांगलं वागल्यासारखं वाटलं. दुसऱ्या राउंडला तो न बोलणारा कसा मागे मागे येतो ते नीट बघितलं आणि लाज वाटली, कारण मी फक्त कुणाला बोलता येतं एवढ्यावर जिवाची किंमत लावली होती. गेमने मला यावरून काही म्हटलं नाही, कुणी वर कोपऱ्यात पाटी दाखवली नाही की अमुक हे लक्षात ठेवेल. ठेवणार कोण, तिथे माणूसच नाही. तुम्हीच ठेवायचं.

म्हणून फिक्स साधा आहे: पहिल्या राउंडला फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रस्ता सापडत नसेल तर वॉकथ्रू जरूर बघा, पण माणसाचा प्रश्न समोर आला की नको. आणि मित्रांसोबत ग्रुप कॉलवर खेळत असाल तर अशा ठिकाणी मतदान घेऊ नका, आमच्याकडे घेतलं होतं, तीन विरुद्ध एक, आणि मग ज्याने माऊस धरलेला तोच गप्प बसला.

थीटाला ब्रँडन वॅन येतो तिथे हेच जास्त टोचतं. त्याच्याकडून एक कोड हवाय, तो माणूस मेलाय, पण त्याचं स्कॅन आहे, मग सिम्युलेशनमध्ये त्याला उठवायचं, तो घाबरला, संशय आला की बंद, पुन्हा उठवायचं. बरेच जण इथे अडकतात कारण नुसतं चालू करत सुटतात. आजूबाजूच्या फायली वाचा, त्याला कोण जवळचं होतं, कुठली जागा त्याला खरी वाटेल, त्या गोष्टी जुळवा मग जमतं. पझल म्हणून सोपंय. पण चौथ्यांदा तो घाबरून ओरडला आणि मी वैतागून म्हणाले, अरे सांग ना पटकन. म्हणजे बघा, माझ्यासाठी तो पासवर्ड झाला होता.

चौथी चूक: सायमनला मठ्ठ म्हणणं

ही तक्रार सगळीकडे. ओमिक्रॉनला सायमनचं स्कॅन नव्या सूटमध्ये घालतात आणि नवा सायमन डोळे उघडतो तेव्हा जुना सायमन खुर्चीत बसून विचारत असतो की झालं का नाही, मी अजून इथेच कसा. तरी शेवटी फाय केंद्रावरून आर्क (माणसांची स्कॅन ज्यात जगणार ते कृत्रिम जग) अंतराळात सोडताना सायमनला पुन्हा वाटतं की या वेळी आपण जाणार. लोक म्हणतात एकदा बघूनही कळलं नाही, रायटिंग वीक आहे.

आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, कॉपी घेतो, पैसे देतो आणि घरी आल्यावर कळतं की ओरिजिनल मशीनच्या झाकणाखालीच राहिलं. आधारकार्डाचं असं प्रत्येक घरात एकदा तरी झालंय. सायमनचंही तेच, फक्त तो स्वतः ते झाकणाखालचं ओरिजिनल आहे आणि ते मान्य केलं तर पुढचं पाऊल टाकायला काही कारणच राहत नाही. म्हणून तो नाणेफेकीची भाषा करतो, या वेळी माझी बाजू लागेल म्हणतो. नाणं उडालेलंच नसतं. पाथॉस-टूवर मार्क सारंग नावाच्या माणसाने असंच डोकं लढवलेलं की स्कॅन झाल्या झाल्या मूळ शरीर संपवलं तर आपण एकच राहतो, आणि काहींनी खरंच जीव दिला. ती शिकली-सवरलेली माणसं होती. मग दुकानात काम करणाऱ्या, मेंदूला मार लागलेल्या पोराकडून काय अपेक्षा करता?

आणि खुर्चीतल्या जुन्या सायमनला झोपेतच संपवायचं की तसाच सोडून जायचं, हा निर्णय तुमचा असतो. मी पहिल्यांदा सोडून गेले, दया म्हणून. नंतर रात्री झोपताना डोक्यात आलं की तो दोन दिवसांनी उठेल तेव्हा तिथे कोण असेल.

पाचवी: वाऊला व्हिलन समजणं

वाऊ ही तिथली एआय, तिला काम दिलंय माणसं जगवा. ती जगवतेय, मशीनमध्ये घालून, जेलने शिवून, जमेल तसं. कार्ल तिचाच, सायमनही. अल्फाला पाथॉस-टूचाच जोहान रॉस म्हणतो वाऊला मारून टाक, आणि बऱ्याच जणांचं बोट तिथे अजिबात थांबत नाही कारण गेम म्हटली की शेवटचा बॉस मारायचाच. थांबा थोडं. त्याआधी टाऊला सारा लिंडवॉल भेटलेली असते, शेवटची खरीखुरी माणूस, ती म्हणते मला जाऊ दे. तिचं ऐकलंत ना? का ऐकलंत? तेच कारण वाऊला लागू होतं की नाही ते अल्फाला पोचेपर्यंत ठरवून ठेवा, कारण तिथे विचार करायला फारशी सवड मिळत नाही.

आणि एक, क्रेडिट लागले की उठू नका

आर्क सुटतो, सायमन मागेच, अंधारात, कॅथरीनशी भांडण (तीही एव्हाना चिपमधलं स्कॅनच), तिची चिप जळते, तो एकटा हाक मारतोय आणि क्रेडिट. माझ्या मामेभावाने इथे लॅपटॉप बंद केला आणि मला रात्री दीडला फोन, काय भयानक शेवट आहे गं. मी म्हटलं पुढचं बघितलंस का. पुढचं काय? क्रेडिटनंतरचं. त्याला पुन्हा लॅपटॉप लावायला लावला. तिथे ऊन आहे, झाडं आहेत, दुसरा सायमन आहे जो पोचलाय, तुम्हीच त्याला चालवता, मधे एक प्रश्नावली येते की या आयुष्याबद्दल कसं वाटतंय, आणि पुढे कॅथरीन उभी असते. फोनवर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, म्हणजे ते दोघं पोचले. मग म्हणाला, पण तो खालचा?

माझी वही अजून आहे. पहिल्या राउंडची दोन पानं भरलेली, दुसऱ्या राउंडला वर नुसतं कार्ल असं लिहिलंय आणि पुढे काही नाही.