परड्यातली नासधूस : आधी चोर ओळखा, मग कुंपण घाला

दिवाळीच्या सुमाराला परड्यातले रताळ्याचे वेल सकाळी उलटेपालटे दिसले की आपण लगेच म्हणतो, "डुकरं आली." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर घरोघरी हेच ऐकू येतं. पहिली चूक तिथंच होते. आमच्याकडे एका वर्षी मी घुशीचं काम समजून बिळं बुजवत बसलो आणि आठवड्याभरात उरलेली रताळी गेली. कुंपणाशी दोन काटे सापडले तेव्हा कळलं, साळिंदर होतं.

खुणा वाचायला शिका. डुक्कर जमीन नांगरल्यासारखी उलथतं आणि खुरांचे ठसे सोडून जातं. साळिंदर नेमकं कंदाशी उकरतं, कोवळ्या नारळ-सुपारीचा बुंधाही कुरतडतं. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असतो. कोवळ्या नारळाला देठाजवळ गोल भोक असेल तर तो उंदीर किंवा खार. पेरूच्या झाडाखाली चघळून टाकलेला चोथा पडला असेल तर वटवाघूळ. काहीच कळत नसेल तर संध्याकाळी कुंपणालगत हातभर रुंद पट्ट्यात बारीक माती चाळून पसरा. सकाळी ठसे उमटलेले दिसतील.

जाळीचं कुंपण जमिनीपर्यंत आणून सोडणं ही दुसरी चूक. डुक्कर आणि साळिंदर खालून वाट काढतात. जाळी फूटभर जमिनीत गाडा आणि खालची कड बाहेरच्या अंगाला वळवा.

सौर कुंपण (सौर यंत्रावर झटका देणाऱ्या तारांचं) घातलं तरी डुकरं येतात, ही तक्रार बहुतेक वेळा कुंपणाच्या निगेची असते. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी. पावसाळ्यात आपल्याकडे गवत आठ दिवसांत तारेला टेकतं आणि झटक्याचा जोर जमिनीत जिरतो. मार्च ते मे उलट होतं : जांभा दगडाची जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट लागत नाही. अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या सळीच्या बुडाशी दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी ओता.

घरच्या लाईनची वीज मात्र तारेत कधीही सोडू नका. सौर यंत्राचा झटका क्षणभराचा असतो, पुढचा झटका साधारण सेकंदाने येतो, त्यामुळे जनावराला मागं सरायला अवसर मिळतो. घरची 230 व्होल्टची वीज अखंड वाहते, धरलेला हात सुटत नाही. पहाटे परड्याकडे जाणारं माणूस आपल्याच घरचं असतं. शिवाय तो गुन्हा आहेच.

माकडांच्या बाबतीत आपलीच सवय नडते. शनिवारी मारुतीच्या नावानं केळं ठेवायचं, चोर्ला घाटात गाडी थांबवून बिस्किटं द्यायची आणि मग तीच टोळी कौलांवर आली की फटाके वाजवायचे. एकदा माणसाच्या हातचं खाल्लेलं माकड माणसाला भीत नाही. खायला घालणं सगळ्या वाडीनं एकदम थांबवलं तरच फरक पडतो. एका घरानं थांबवून उपयोग नाही. फणस पिकून झाडावरच फुटू देऊ नका, तयार झाला की उतरवा. बुजगावणं किंवा चकाकणारी पट्टी तीन-चार दिवसांनी जागा बदलून लावा, नाहीतर जनावराला ती सवयीची होते.

उंदरांसाठी विष ठेवू नका. मेलेला उंदीर खाऊन घुबड आणि धामण मरतात, म्हणजे उंदरांचे शत्रूच आपण संपवतो. भाजीवर टाकलेलं नायलॉनचं जाळं ताणून बांधा. सैल जाळ्यात धामण अडकते आणि तडफडून मरते.

गवा आला तर कुत्री सोडू नका, दगडही मारू नका. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांत तो येणारच. त्याला परतायची वाट मोकळी ठेवा, आपण घरात थांबा. गवा आणि मोर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना इजा करणं महागात पडतं.

आणि नुकसान दिसल्याबरोबर परडं साफ करायला धावू नका. आधी ठसे, पडलेली झाडं, मोडलेलं कुंपण यांचे फोटो काढा आणि वनखात्याच्या जवळच्या कचेरीत लगेच कळवा. नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असतो, तेव्हा लिहून देणारं माणूस आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्यापायी दोन दिवस वाया जात नाहीत.