डायल-अप ग्राहकांना आयपी पत्ते देताना या चुका टाळा

डायल-अप सर्व्हर, म्हणजे फोन लाइनीवरून मोडेमने येणारे कॉल घेऊन ग्राहकाला नेटवर्कशी जोडणारे यंत्र, पहिल्यांदाच उभा करणारा माणूस बहुधा विचारतो, की ग्राहक तीनशे आहेत तर तीनशे आयपी पत्ते आणायचे कुठून. पत्ते मोडेम मोजून लागतात. मोडेम सोळा असतील तर एका वेळी सोळाच कॉल उचलले जाणार, आणि सतराव्या माणसाला पत्त्याची गरज पडण्याआधीच एंगेज टोन ऐकू येणार. म्हणून मी प्रत्येक मोडेमला एकेक पत्ता कायमचा बांधून देतो. लिनक्सवरील पीपीपीडी, म्हणजे पीपीपी (फोन लाइनीवरून आयपी चालवण्याची पद्धत) सांभाळणारा प्रोग्राम, प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्र ऑप्शन्स फाइल वाचतो. तिच्यात पत्ता लिहून ठेवला, की त्या पोर्टवर कोणाचाही कॉल आला तरी पत्ता तोच मिळतो.

हे पत्ते घ्यायचे कुठून, यात मी स्वतः एकदा सपशेल चुकलो आहे. ज्या कार्यालयात काम होते, तेथील लॅन १९२.१६८.५.० या नेटवर्कवर होती. रात्रीच्या घाईत मी ५.३१ ते ५.४६ या पत्त्यांना पिंग केले, एकाचेही उत्तर आले नाही, तेव्हा ते रिकामे समजून सोळा मोडेमना वाटून टाकले आणि प्रॉक्सी-एआरपी (ग्राहकाच्या पत्त्याची विचारणा झाली, की सर्व्हरने स्वतःचा हार्डवेअर पत्ता सांगणे) चालू केले. पुढे आठवडाभर मेल सर्व्हर अधूनमधून, आणि तोही फक्त संध्याकाळी, दिसेनासा होऊ लागला. आम्ही केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदलले, स्विचवरही संशय घेतला. अखेर त्रास चालू असतानाच एका पीसीवर एआरपी टेबल (कोणता आयपी पत्ता कोणत्या हार्डवेअर पत्त्यावर आहे त्याची यादी) उघडून पाहिले, तर मेल सर्व्हरच्या ५.४२ या पत्त्यासमोर डायल-अप सर्व्हरचा हार्डवेअर पत्ता बसलेला होता. मी पिंग केले त्या रात्री मेल सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होता, आणि त्याचा पत्ता माझ्या हिशेबात बाराव्या मोडेमला गेला होता. हंट ग्रुप, म्हणजे एकाच नंबरमागे जोडलेल्या लाइनींचा गट, पहिल्या मोकळ्या लाइनीवर कॉल देतो, त्यामुळे अकरा लाइनी भरल्याखेरीज बारावा मोडेम वाजतच नसे, आणि तेवढी गर्दी संध्याकाळीच होई. बारावा कॉल लागला, की ५.४२ आपल्याकडेच आहे असे उत्तर दोन्ही यंत्रे देत, आणि पीसी ज्याचे उत्तर धरून बसेल तिकडे त्याची मेल जाई.

तेव्हापासून पिंगला उत्तर न येणे हा पत्ता रिकामा असल्याचा पुरावा मी मानत नाही. लॅनच्या नेटवर्कमधून मोडेमना पत्ते देणे मी बंद केले आहे. सोळा मोडेमसाठी सोळा पत्त्यांचा वेगळा गट घ्यावा आणि राउटरवर त्या गटाचा एक रूट डायल-अप सर्व्हरकडे लावावा. मग प्रॉक्सी-एआरपीची गरजच उरत नाही. प्रॉक्सी-एआरपीमुळे एक रूट लिहिण्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा फायदा आहे.

मात्र असा गट दिल्यावर दुसरा खड्डा समोर येतो. ग्राहकाने फोन ठेवला तरी त्याच्यासाठी निघालेली पॅकेट काही काळ येतच राहतात. त्या पत्त्याचा रूट कॉलबरोबर नाहीसा झालेला असतो, म्हणून सर्व्हर ती पॅकेट डीफॉल्ट रूटने राउटरकडे परत पाठवतो, राउटर ती पुन्हा सर्व्हरकडे ढकलतो, आणि टीटीएल (पॅकेटला उरलेल्या उड्यांची मोजणी) संपेपर्यंत हा खेळ चालतो. संपूर्ण गटासाठी सर्व्हरवर एक टाकाऊ रूट, म्हणजे आलेली पॅकेट पुढे न पाठवता टाकून देणारा रूट, लिहून ठेवावा. चालू कॉलचा रूट एकाच पत्त्यापुरता, म्हणजे अधिक नेमका असल्यामुळे तो आपोआप वरचढ ठरतो.

डायल-अप ग्राहकांसाठी डीएचसीपी सर्व्हर (लॅनवरील यंत्रांना पत्ते वाटणारा) बसवू नये. पीपीपीमध्ये पत्ता आयपीसीपी हा त्याचाच एक भाग देतो, आणि ही रीत १९९२ च्या आरएफसी १३३२ मध्ये लिहिलेली आहे. ग्राहकाचे यंत्र ०.०.०.० मागते, सर्व्हर नॅक (नकार) पाठवून त्यातच खरा पत्ता सुचवतो, यंत्र तो पत्ता मागते आणि सर्व्हर होकार देतो. लॉगमधील हा नॅक पाहून फोन करणारे उतावीळ लोक पुढच्या दोन ओळी वाचत नाहीत.

रेडियसमध्ये, म्हणजे ग्राहकांची खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरवर, फ्रेम्ड-आयपी-अ‍ॅड्रेस (खात्याला द्यायचा पत्ता) लिहिताना शेवटचा आकडा दोनदा पाहावा. २५५.२५५.२५५.२५४ म्हणजे अ‍ॅक्सेस सर्व्हरने पत्ता निवडावा, आणि २५५.२५५.२५५.२५५ म्हणजे ग्राहकाने स्वतःचा पत्ता निवडला तरी चालेल. ठरावीक पत्ता असलेल्या खात्यावर एका वेळी एकच कॉल चालेल असे बंधन घालावे, नाहीतर पासवर्ड वाटून घेणारे दोघे एकाच पत्त्यावर भांडत बसतात.

रेडियसचा पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपल्याची तक्रार आली, की घाईचा माणूस पूल मोठा करतो. कॉल सुरू झाला आणि संपला हे रेडियसला कळवणारे अकाउंटिंगचे संदेश यूडीपीवरून जातात, म्हणजे ते पोहोचण्याची हमी नसते. कॉल संपल्याचा संदेश, म्हणजे स्टॉप, हरवला तर पत्ता अडकून राहतो आणि मोठा पूलही काही दिवसांनी तितकाच भरतो. मी आधी अडकलेली सत्रे मोडेमशी ताडून पाहतो. अर्धवट तुटलेले कॉल ओळखण्यासाठी एलसीपी-इको (पलीकडचे यंत्र जागे आहे का हे विचारणारा पीपीपीचा संदेश) दर ३० सेकंदांनी पाठवतो आणि चार उत्तरे चुकल्यावर लाइन सोडतो.

सर्व्हरचे घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेले असावे. एकच पत्ता एका संध्याकाळी पाच-सहा जणांकडे फिरून येतो, आणि तक्रारीच्या वेळी तो कोणाकडे होता हे लॉगमधील वेळेवरूनच सांगावे लागते.