युरोपातील टोल : ट्रकचालकाने चाक हलण्यापूर्वी आणि वाटेत काय करावे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका लांबूनच दिसतो. ट्रक मार्गिकेत घ्यायचा, वेग कमी करायचा, काचेवरचा फास्टॅग वाचला गेला की आडवा दांडा वर जातो आणि व्यवहार संपतो. वाहनाचा वर्ग टॅग देतानाच ठरलेला असल्यामुळे चालकाला एकही बटण दाबावे लागत नाही. पोलंडमधून ओडर नदी ओलांडून जर्मनीत शिरणाऱ्या ट्रकला असा नाका कोठेच लागत नाही. कोणी अडवत नाही, कोणी पावती देत नाही, आणि तरीही टोल पहिल्या किलोमीटरपासून सुरू झालेला असतो. भारतातून पोलंड किंवा लिथुआनियातील वाहतूक कंपन्यांत गेलेल्या नव्या चालकाची गफलत येथेच होते. कोणी अडवले नाही म्हणजे टोल भरला गेला, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात रस्त्यावर आडव्या उभारलेल्या कमानीवरच्या कॅमेऱ्याने त्याची नोंद घेतलेली असते आणि हिशेब मागाहून येतो.

टोलचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून येथे एकच मार्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. मध्य पोलंडमधील वूच शहराजवळून (लिहिताना हे नाव ‘लॉड्झ’ असे दिसते, त्यामुळे पत्ता विचारताना घोटाळा होतो) निघून बर्लिन, म्युनिक, इन्सब्रुक आणि ब्रेनर खिंडीमार्गे इटलीतील व्हेरोनापर्यंत जायचे आहे. गाडी म्हणजे दोन अ‍ॅक्सलचा (चाकांच्या धुरांचा) ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारा पुढचा भाग, आणि तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर. या एका फेरीत चार देश आणि टोल घेण्याच्या चार निरनिराळ्या तऱ्हा भेटतात.

निघण्यापूर्वी : कागद, यंत्र आणि अ‍ॅक्सलचा आकडा

पहिले काम काचेवर लावलेले, टोल नोंदवणारे यंत्र पाहण्याचे नाही, तर ट्रकचे नोंदणीपत्र वाचण्याचे आहे. युरोपीय नोंदणीपत्रावर ‘एफ-१’ या रकान्यात तांत्रिकदृष्ट्या अनुज्ञेय कमाल वजन असते आणि ‘व्ही-९’ या रकान्यात धूरविषयक वर्ग, म्हणजे युरो ५ किंवा युरो ६, लिहिलेला असतो. टोलचा दर या अनुज्ञेय वजनावर ठरतो, प्रत्यक्ष लादलेल्या मालावर नाही. त्यामुळे रिकामा ट्रेलर घेऊन परतताना टोल कमी लागेल ही समजूत सोडून द्यावी. यंत्रात भरलेली माहिती आणि नोंदणीपत्र यांत फरक आढळला, तर तो फाटकातून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या कार्यालयाला लेखी संदेश पाठवून कळवावा. तोंडी सांगितलेले पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

यानंतर यंत्र पाहावे. पूर्वी प्रत्येक देशाचे वेगळे यंत्र काचेला चिकटवावे लागे आणि केबिनची समोरची काच डब्यांनी भरून जाई. आता युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार एकाच यंत्रावर आणि एकाच करारावर अनेक देशांचा टोल भरता येतो. मात्र येथे एक मेख आहे. यंत्र अनेक देशांसाठी चालू शकते, याचा अर्थ ते तुमच्या ट्रकसाठी त्या सर्व देशांत चालू केलेले आहे असा होत नाही. पोलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली हे चारही देश आपल्या यंत्रावर सुरू आहेत का, हे कार्यालयाला नेमके याच शब्दांत विचारावे. ‘यंत्र युरोपभर चालते’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

यंत्रावर नोंदलेला वाहन क्रमांकही पाहावा. हे यंत्र चालकाचे नसून एका ठरावीक क्रमांकाच्या गाडीचे असते. ट्रक बिघडला म्हणून दुसरा मिळाला, तर जुन्याचे यंत्र उचलून नव्यात लावू नये. तसे केल्यास टोल एका गाडीच्या नावावर आणि कॅमेऱ्यातील छायाचित्र दुसऱ्या गाडीचे, असा प्रकार होतो.

अ‍ॅक्सलचा आकडा हा चालकाच्या हातातील सर्वांत महत्त्वाचा भाग असून चूकही बहुधा येथेच होते. समजा, आदल्या संध्याकाळी ट्रेलर यार्डात सोडला आणि नुसता ट्रॅक्टर कार्यशाळेत न्यायचा म्हणून यंत्रावर अ‍ॅक्सल २ केले. सकाळी सहा वाजता अंधारात ट्रेलर जोडला, हवेचे पाइप लावले, विजेची जोडणी केली, मागचे दिवे तपासले, ट्रेलरचे टेकू-पाय वर उचलले आणि गाडी निघाली. यंत्रावर मात्र २ हा आकडा तसाच राहिला. पाच अ‍ॅक्सलची गाडी दोन अ‍ॅक्सलच्या दराने धावू लागली, आणि चालकाचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी कायद्याच्या भाषेत हा कमी भरलेला टोल आहे. म्हणून ट्रेलर जोडण्याच्या क्रमातच शेवटची क्रिया म्हणून अ‍ॅक्सलचा आकडा बदलण्याची सवय लावावी: आधी किंगपिनचे (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटाचे) कुलूप, मग पाइप, मग दिवे, मग यंत्र. लिफ्ट अ‍ॅक्सल वर उचललेला असला, तरी जर्मनी आणि ऑस्ट्रियात तो मोजला जातो. तो वजा करू नये.

पोलंड : एकाच रस्त्यावर दोन पद्धती

वूचजवळून ए-२ महामार्ग धरला की स्त्रिकूफ ते कोनिन हा भाग सरकारी आहे आणि तेथे जड वाहनांचा टोल ई-टोल पद्धतीने, म्हणजे उपग्रहाद्वारे वाहनाचे स्थान टिपून, घेतला जातो. ही पद्धत २०२१ मध्ये आली आणि तिच्यासाठी यंत्र किंवा फोनवरील अ‍ॅप चालते. अ‍ॅप वापरणाऱ्याने फोन चार्जिंगला लावलेला ठेवावा, स्थान-सेवा चालू ठेवावी आणि फोन वीज वाचवण्यासाठी अ‍ॅप मागच्या मागे बंद करत नाही ना, हे पाहून घ्यावे. कोनिनच्या पश्चिमेस स्वीएत्स्कोच्या सीमेपर्यंतचा भाग रस्ता चालवण्याचे कंत्राट घेतलेल्या खासगी कंपनीकडे आहे, आणि तेथे आपल्या ओळखीचे टोलनाके लागतात. म्हणजे एकाच रस्त्यावर आधी अदृश्य टोल आणि मग दिसणारा टोल भरावा लागतो. नाक्यावर पैसे दिले म्हणजे मागच्या भागाचेही झाले, असे समजू नये.

जर्मनी

जर्मनीत सातशेहून अधिक किलोमीटर जायचे आहेत. ट्रकला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असल्याने आणि साडेचार तासांच्या वाहनचालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असल्याने हे अंतर जवळजवळ पूर्ण दिवस खाते.

येथील ट्रकटोल १ जानेवारी २००५ रोजी सुरू झाला. तो खरे तर २००३ मध्येच व्हायचा होता, पण उपग्रह, भ्रमणध्वनी जाळे आणि वाहनातील यंत्र यांची सांगड वेळेत बसली नाही. जर्मन काटेकोरपणाच्या कथा ऐकत मोठे झालेल्यांना हे वाचून थोडे बरे वाटते. सुरुवातीला तो १२ टनांपासून पुढच्या वाहनांना होता, २०१५ मध्ये साडेसात टनांवर आला, आणि १ जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवरील मालवाहनांनाही लागू झाला. चालकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल १ जुलै २०१८ चा आहे. त्या दिवसापासून ऑटोबानबरोबरच (जर्मनीच्या द्रुतगती मार्गांबरोबरच) सर्व केंद्रीय महामार्गांवरही टोल लागतो. टोल वाचवण्यासाठी ऑटोबान सोडून शेजारच्या महामार्गाने जाण्याचा सल्ला जुने चालक अजूनही देतात. तो ऐकू नये, कारण वेळ जातो आणि टोलही लागतोच. डिसेंबर २०२३ पासून दरात कार्बन उत्सर्जनाचा भागही मिळवलेला आहे.

टोल भरण्याचे दोन मार्ग आहेत. यंत्र असल्यास ते स्वतः अंतर मोजते आणि चालकाने फक्त दिवा पाहायचा असतो: टोल कलेक्ट या जर्मन टोल गोळा करणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर हिरवा दिवा म्हणजे नोंद होत आहे, लाल दिवा म्हणजे होत नाही. निघताना हिरवा असलेला दिवा बर्लिनच्या वळणमार्गावर लाल झाला, तर ‘पुढे बघू’ असे म्हणू नये. पहिल्या संधीला विश्रांतीस्थळी थांबून दुसरा मार्ग धरावा, आणि तो म्हणजे टोल कलेक्टच्या अ‍ॅपवर, संकेतस्थळावर किंवा पेट्रोल पंपावरील यंत्रावर हाताने मार्ग नोंदवणे. ही नोंद टोल असलेल्या रस्त्यावर चढण्यापूर्वी व्हावी लागते. पुढे वाहतूक कोंडी दिसली आणि वळसा घ्यायचा ठरला, तर नोंदवलेला मार्ग सोडण्याआधी अ‍ॅपवर तो बदलून घ्यावा, कारण नोंद एका मार्गाची आणि चाके दुसऱ्या मार्गावर असतील तर त्या भागाचा टोल भरलेला नाही असेच मानले जाते.

तपासणी कमानींवरून, फिरत्या पथकांकडून आणि महामार्गांच्या कडेला उभ्या असलेल्या उंच निळ्या खांबांतून होते. हे खांब वेग मोजत नाहीत. ते पाहून एकदम ब्रेक मारणारे चालक दिसतात. चाळीस टनांची गाडी मागे असताना ही चूक महागात पडते. टोल न भरल्यास दंड २०,००० युरोंपर्यंत होऊ शकतो, आणि किती अंतर गेले हे सिद्ध करता आले नाही तर ५०० किलोमीटर धरून आकारणी होते. टोलचे देणे मालकासोबत चालकावरही असते, हे लक्षात ठेवावे. ‘ते कार्यालय बघते’ हे वाक्य पथकासमोर उपयोगी पडत नाही.

ऑस्ट्रिया : कान उघडे ठेवावेत

कीफर्सफेल्डनला सीमा ओलांडून कुफस्टाइनला आले की पद्धत बदलते. ऑस्ट्रियात उपग्रह नव्हे, तर रस्त्यावरील कमानी आणि काचेवरील यंत्र यांच्यात सूक्ष्मलहरींनी संवाद होतो; २००४ पासून साडेतीन टनांवरील वाहनांना हे लागू आहे. येथे यंत्राची जागा महत्त्वाची ठरते. ते समोरच्या काचेवर आतून, वायपर पोहोचतो त्या भागात लावावे, धातूचा थर असलेल्या काचेत त्यासाठी मोकळी ठेवलेली जागा शोधावी, आणि डॅशबोर्डवरचा झेंडा, फलक किंवा कागदांची चळत त्याच्या आड येऊ देऊ नये.

गो-बॉक्स नावाचे ऑस्ट्रियन यंत्र असल्यास प्रत्येक कमानीखाली कान द्यावा. एकदा ‘बीप’ म्हणजे टोल घेतला गेला. दोनदा म्हणजे घेतला गेला, पण आगाऊ भरलेली रक्कम संपत आली आहे किंवा यंत्राबाबत विक्री केंद्राशी संपर्क साधायला हवा. चारदा म्हणजे टोल घेतला गेला नाही. आणि काहीच आवाज न येणे म्हणजेही घेतला गेला नाही. गाण्याचा आवाज मोठा असला की नेमकी ही शांतता ऐकू येत नाही, म्हणून कमान दिसताच आवाज कमी करावा. सीमेपासून ब्रेनरपर्यंत एवढे पथ्य पाळणे जमण्यासारखे आहे.

टोल घेतला गेला नाही, तर तो मागाहून भरण्याची मुभा आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत: पाच तास आणि शंभर किलोमीटर. आता नकाशा पाहावा. कुफस्टाइन ते ब्रेनर खिंड हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. म्हणजे कुफस्टाइनच्या कमानीखालची शांतता दुर्लक्षून थेट इटलीत उतरणाऱ्या चालकाने ती मुभा खिंडीत पोहोचण्याआधीच गमावलेली असते. त्यामुळे गो विक्री केंद्र असलेल्या पुढच्याच पंपावर थांबावे, अ‍ॅक्सलचा आकडा सांगावा, पैसे भरावेत आणि पावती घ्यावी. इन्सब्रुकनंतरच्या ए-१३ ब्रेनर मार्गाचा दर वेगळा आणि चढा आहे, आणि चार वा अधिक अ‍ॅक्सलच्या गाड्यांना रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत तो आणखी चढतो. वेळेचे नियोजन चालकाच्या हाती असेल, तर हा भाग दिवसा पार करावा.

इटली

येथे पुन्हा दांडा आणि मार्गिका दिसू लागतात, आणि आपल्याकडील चालकाला हायसे वाटते. ब्रेनरहून व्हेरोनाकडे जाणाऱ्या ए-२२ महामार्गावर प्रवेशाची नोंद होते आणि बाहेर पडताना अंतर व अ‍ॅक्सल यांनुसार पैसे घेतले जातात. तिकीट घेतले असेल तर ते सूर्यपट्टीत खोचून ठेवावे. ते हरवल्यास सर्वांत दूरच्या प्रवेशद्वारापासून आकारणी होऊ शकते. पिवळ्या पाटीच्या मार्गिका टेलिपास, म्हणजे इटलीतील फास्टॅगसारख्या यंत्रासाठी आहेत. चुकून त्यात शिरलात आणि दांडा उघडला नाही, तर काही झाले तरी मागे घेऊ नये, कारण टोलनाक्यावर गाडी मागे घेणे हा इटलीत गंभीर गुन्हा मानला जातो. मदतीचे बटण दाबावे, थांबावे आणि न भरलेल्या टोलची चिठ्ठी मिळाल्यास १५ दिवसांच्या आत ती भरावी.

मार्ग बदलला तर

माल ऐन वेळी दुसरीकडे न्यावा लागला, तर दोन देशांबाबत आधीच सावध राहावे. बेल्जियममध्ये २०१६ पासून साडेतीन टनांवरील मालवाहनात यंत्र सार्वजनिक रस्त्यावर सतत चालू असावे लागते, मग त्या रस्त्याचा दर शून्य का असेना. स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून जड वाहनांचे शुल्क महामार्गांपुरते नसून सर्व रस्त्यांवर आहे, आणि तो देश युरोपीय संघाबाहेर असल्यामुळे कार्यालयाशी न बोलता तिकडे वळूच नये.

मागाहून येणारा हिशेब

टोल चुकल्याची नोटीस पुष्कळदा फेरी संपून काही महिने लोटल्यावर, आणि तीही कंपनीच्या पत्त्यावर येते. तोवर त्या दिवशी काय घडले हे कोणालाच आठवत नसते. यासाठी साधी खिशातली वही पुरते. प्रत्येक सीमेवर तारीख, वेळ, किलोमीटर वाचन, ट्रेलरचा क्रमांक आणि यंत्रावरचा अ‍ॅक्सलचा आकडा लिहावा. दिवा लाल झाला किंवा बीप आला नाही, तर ठिकाण लिहून यंत्राचे छायाचित्र काढावे. पथकाने अनामत रक्कम घेतल्यास, आणि परदेशी वाहनांकडून ती जागेवरच घेतली जाते, पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. तिच्यावरचा गुन्ह्याचा उल्लेख जर्मन भाषेत असेल तर सही करण्याआधी फोनवरच्या भाषांतर अ‍ॅपने वाचून घ्यावा, आणि पावतीचे छायाचित्र त्याच विश्रांतीस्थळावरून कार्यालयाला पाठवावे.