लघुउद्योग साहाय्य सेवांचे शासकीय काम कसे मिळवावे

नवउद्योजकांना प्रशिक्षण देणे, प्रकल्प अहवाल तयार करणे, औद्योगिक समूहांचा निदान अभ्यास करणे, कर्जप्रकरणात मार्गदर्शन करणे, अशी अनेक कामे शासन बाहेरच्या संस्थांमार्फत करून घेते. महाराष्ट्रात 2019 पासून सुरू असलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राने जागतिक बँकेच्या साहाय्याने 2022 मध्ये आणलेला, लघुउद्योगांची कामगिरी उंचावण्यासाठीचा ‘रॅम्प’ कार्यक्रम यांमुळे या कामांना वाव मिळाला आहे. उद्योग संचालनालय, जिल्हा उद्योग केंद्रे, ‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या निविदा सूचनांवर म्हणूनच नियमित लक्ष ठेवावे. राज्याच्या निविदा प्रामुख्याने महाटेंडर्स संकेतस्थळावर, तर केंद्रीय कार्यालयांच्या जेम (शासकीय ई-बाजारपेठ) आणि केंद्रीय निविदा संकेतस्थळावर येतात.

निविदा निघाल्यानंतर तयारीला लागणारी संस्था बहुधा कागदपत्रांतच अडकते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची केंद्रीय नोंदणी), पॅन, जीएसटी, तृतीय श्रेणीची (क्लास 3) डिजिटल स्वाक्षरी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सनदी लेखापालाने यूडीआयएनसह (दस्तऐवजाच्या पडताळणी क्रमांकासह) दिलेले उलाढालीचे प्रमाणपत्र आणि काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, एवढा संच कायम तयार असावा. उद्यम नोंदणीत आपल्या सेवेचा एनआयसी संकेतांक (व्यवसायाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आहे ना, हेही तपासावे. व्यवस्थापन सल्ला गट 70 मध्ये, तर शिक्षण-प्रशिक्षण गट 85 मध्ये येते. केंद्राच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार सूक्ष्म व लघु उपक्रमांना निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट मिळते. परंतु राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निविदेत ही सूट स्पष्ट लिहिलेली असेल तरच ती गृहीत धरावी.

या क्षेत्रात खरी अडचण पूर्वानुभवाची असते. अनुभव म्हणजे केवळ कार्यादेश नव्हे. काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही लागते, आणि त्यात कामाचे स्वरूप, रक्कम, कालावधी व लाभार्थींची संख्या नमूद नसेल, तर मूल्यमापन समिती त्याला गुण देईलच असे नाही. प्रत्येक काम संपताच, संबंधित अधिकाऱ्याची बदली होण्यापूर्वी, असे प्रमाणपत्र मागून घ्यावे. नव्या संस्थेने पहिल्याच वर्षी राज्यस्तरीय कामावर डोळा ठेवण्यापेक्षा एखाद्या जिल्ह्यातील प्रशिक्षणाची छोटी तुकडी घ्यावी, किंवा निविदेत परवानगी असल्यास अनुभवी संस्थेबरोबर संयुक्तपणे उतरावे.

निविदा प्रसिद्ध झाल्यावर आधी पात्रतेचे निकष वाचावेत आणि त्यांतला एक जरी निकष पूर्ण होत नसेल तर तिथेच थांबावे. एखादी अट अवाजवी वाटत असेल, तर निविदापूर्व बैठकीच्या मुदतीत लेखी प्रश्न पाठवावा. बैठकीत तोंडी मिळालेल्या आश्वासनाला शुद्धिपत्रकात उतरेपर्यंत काहीही किंमत नसते.

सल्लासेवांच्या अनेक निविदांत गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार होतो. समजा प्रमाण 70:30 आहे; एका संस्थेला तांत्रिक 90 गुण असून तिचा दर 10 लाख रुपये आहे, तर दुसरीला 80 गुण असून तिचा दर 8 लाख आहे. सर्वात कमी दराला आर्थिक 100 गुण मिळतात आणि त्याच हिशेबाने 10 लाखांच्या दराला 80. म्हणजे पहिलीचे एकूण गुण 63 अधिक 24, असे 87, आणि दुसरीचे 56 अधिक 30, असे 86. दोन लाख जास्त मागूनही काम पहिलीला मिळते. तांत्रिक प्रस्तावावर आठवडाभर मेहनत घेणे का परवडते, ते यावरून दिसेल. प्रस्तावात संस्थेच्या स्थापनेचा इतिहास पानेच्या पाने लिहिण्याची आपल्याकडे हौस फार. त्याऐवजी प्रशिक्षणार्थी कुठून जमवणार, गळती कशी रोखणार, बँकेत कर्जप्रकरण अडकल्यास पाठपुरावा कोण करणार, हे नेमक्या माणसांच्या स्वाक्षरी केलेल्या परिचयपत्रांसह मांडावे.

जिथे केवळ सर्वात कमी दरालाच काम मिळते, तिथे वेगळा विवेक लागतो. प्रशिक्षकाचे मानधन सर्वांनाच दिसते. परंतु गावोगावच्या सभा, सभागृहाचे भाडे, चहा-जेवण, प्रवास, हजेरीच्या नोंदी आणि प्रशिक्षणानंतरचा सहा महिन्यांचा पाठपुरावा, हा खर्च दरात धरला नाही तर मिळालेले काम तोट्यात जाते. दर जीएसटीसह आहे की जीएसटी वगळून, हेही आधीच पाहून घ्यावे.

महाटेंडर्सवर दरपत्रकाची एक्सेल फाइल उतरवून घेतल्यावर तिचे नाव किंवा रचना बदलू नये. बदललेली फाइल प्रणाली स्वीकारत नाही. आर्थिक दराचा उल्लेख तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही येऊ देऊ नये. सर्व कागद चढवल्यावर ‘फ्रीज बिड’ (प्रस्ताव अंतिम करण्याचे बटण) करून पोच घेतल्याशिवाय निविदा सादर झालेली नसते. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरली जाते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरकावे.

कार्यादेश आल्यावर सुरक्षा अनामत मुदतीत भरावी आणि देयकाचे टप्पे पुन्हा वाचावेत. काही कामांत शेवटचा हप्ता प्रशिक्षणावर नव्हे, तर मंजूर झालेल्या कर्जप्रकरणांवर मिळतो. देयकाबरोबर हजेरीपत्रक, छायाचित्रे आणि लाभार्थींच्या अभिप्रायांची पुस्तिका जोडावी, म्हणजे त्रुटीपत्र निघण्याची शक्यता कमी होते. सूक्ष्म व लघु उपक्रमांना 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत; विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे आणि थकीत देयकांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे संरक्षण निर्विवाद राहावे यासाठी उद्यम नोंदणी करारनाम्याच्या आधीची असावी. मात्र परिषदेकडे जाण्याआधी दोन लेखी स्मरणपत्रे द्यावीत आणि त्यांची आवक क्रमांकासह पोच जपून ठेवावी.