ईसीजीची पट्टी: नाव नंतर, आधी मोजणी

आयसीयूत नव्याने लागलेल्या मुलामुलींची एक सवय हटकून दिसते. ईसीजी हातात पडला की नाव सांगायची घाई. 'एएफ आहे' (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर), 'व्हीटी आहे' (व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, खालच्या कप्प्यांतून निघणारे भरभर ठोके). ग्रुपवर आलेली चित्रं पाठ असतात, त्यातलं जवळचं दिसेल ते चिकटवून द्यायचं. मी आधी शहाद्याच्या एका छोट्या दवाखान्यात होतो, आता बरीच वर्षं धुळ्यात आयसीयूत ब्रदर आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं: रिदम, म्हणजे ठोक्यांची चाल, ओळखू नका, मोजा.

गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर पळतो, म्हणजे लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, मोठा 0.20 चा. दोन आर टोकांमध्ये, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये, किती मोठे चौकोन आहेत ते बघा आणि त्याने 300 ला भागा. चार आले तर रेट 75. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर हा हिशोब चालत नाही. मग 30 मोठे चौकोन, म्हणजे 6 सेकंद, धरा, त्यातले क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचे टोकदार आकार, मोजा आणि 10 ने गुणा. पीआर, म्हणजे पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा वेळ, 0.12 ते 0.20 सेकंद, क्यूआरएसची रुंदी 0.12 च्या आत. एवढे आकडे पाठच हवेत, त्याला इलाज नाही.

पण खरं हत्यार म्हणजे कोऱ्या कागदाची कड. केसपेपरचा एखादा तुकडा लीड टूच्या (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक दिशा) लांब पट्टीखाली धरा, ओळीने तीन आर टोकांखाली पेनाने बारीक खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. खुणा बसत गेल्या तर रेग्युलर. कुठेच बसेनात आणि पी वेव्हचाही पत्ता नाही, तर एएफचा विचार करा. आपल्याकडे हृदयाच्या झडपांच्या आजाराचे, एएफ असलेले पेशंट भरपूर येतात, त्यांच्या पट्ट्यांवर हा हात चांगला बसतो. मग तेच पी वेव्हवर करा. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे वरचा एकही ठोका खाली उतरत नाही तेव्हा, पी आपल्या चालीने जाते, क्यूआरएस आपल्या. मधलीच एखादी पी दिसत नाही, पण खूण बरोबर क्यूआरएसवर पडते, तेव्हा ती त्याच्या पोटात आहे हे कळतं. वेंकेबाख या डॉक्टरने 1899 मध्ये आता त्याच्या नावाने ओळखला जाणारा ब्लॉक (पीआर वाढत जाऊन एक ठोका गळतो तो) ओळखला तेव्हा त्याच्यापुढे ईसीजी नव्हताच. नाडीच्या नोंदी घेऊन मधली अंतरं मोजत तो तिथे पोचला. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्थोवेनला ईसीजीसाठी नोबेल मिळालं ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1924 मध्ये.

ज्यावर सगळे अडखळतात तो म्हणजे एट्रियल फ्लटर. वरचे कप्पे मिनिटाला साधारण 300 ने धावतात, खाली दोनातला एकच ठोका उतरतो, म्हणून रेट 150 च्या आसपास. मशीन वर छापतं 'सायनस टॅकीकार्डिया' (ताप वगैरेने वाढलेले नेहमीचेच ठोके) आणि आपण मान डोलावतो. मशीनचा शेरा अंगठ्याखाली झाकून वाचायची सवय याचसाठी लावा. तापाने किंवा पाणी कमी पडल्याने वाढलेला रेट सलाइन गेलं, ताप उतरला की 140, 130 असा खाली येतो. फ्लटरचा रेट मात्र हलत नाही, तासाभराने बघा, तिथेच. अशा वेळी लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये करवतीचे दात शोधा, आणि व्ही वन या छातीवरच्या लीडमध्ये दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध काही डोकावतंय का ते बघा. पट्टी उलटी धरून पाहिली तरी कधीकधी चटकन दिसतं. डॉक्टरांनी एडिनोसिन द्यायचं ठरवलं तर आधी पट्टी चालू करा, मग औषध. ठोके क्षणभर थांबतात तेव्हाच दात उघडे पडतात. ते कागदावर आले नाहीत तर रिदम ओळखायची ती संधी गेली.

पट्टी घाण असेल तर मोजून उपयोग नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचा पेशंट घामाने निथळत येतो, इलेक्ट्रोड टिकत नाही. आधी छाती कोरडी पुसा. रेघ बारीक दातेरी येत असेल तर कूलरचा प्लग काढून बघा. थंडीत धुळ्याला पेशंट कुडकुडतो, तेव्हा मावशींकडून ब्लँकेट मागवा आणि पाच मिनिटं थांबा. वायरींचे रंग: लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. लीड वन उलटी आणि एव्हीआर सुलटी दिसली तर हातांच्या वायरींची अदलाबदल झालीय का ते आधी तपासा. सातपुड्यातल्या बायांच्या हातातलं चांदीचं कडं निघत नसेल तर क्लॅम्प वर कोपराकडे लावा. कडं काढायला लावू नका, काही बिघडत नाही.

बिट्टीचं बी खाल्लेला पेशंट आला तर वेगळी सावधगिरी हवी. ही पिवळी कण्हेर, कुंपणाला लावलेली असते. तिचं विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखं काम करतं. येताना पट्टी चांगली असेल, गप्पाही मारेल, आणि काही तासांनी ब्लॉक सुरू होईल. म्हणून मॉनिटर काढायचा नाही, ईसीजी पुन्हापुन्हा काढायचा, आणि दरवेळी पीआर मोजून चार्टवर लिहायचा. 'सेम' असं लिहू नका, आकडा लिहा.

मॉनिटरवर रुंद, भरभर लाटा दिसल्या तर पहिला हात पेशंटच्या मनगटावर. पेशंट दात घासत असेल, खाजवत असेल, तरी व्हीटीसारखं दिसतं. बोटावरच्या ऑक्सिजनच्या क्लिपची लाट संथ, एकसारखी चाललीय का ते बघा. चालली असेल तर ईसीजीच्या गोंधळात नेहमीचे क्यूआरएस लपलेले सापडतात. पण खरोखर रुंद आणि रेग्युलर टॅकीकार्डिया असेल तर व्हीटीच समजून हाका मारा, वाद नंतर घालू.

रात्री फोनवर सरांना उठवताना नावाने सुरुवात करू नका. रेट किती, रेग्युलर की नाही, क्यूआरएस रुंद की अरुंद, पी दिसते का, बीपी किती, पेशंट शुद्धीवर आहे का, या क्रमाने सांगा. आजी म्हणाली असेल 'छातीमा धडधड व्हई ऱ्हायनी', तर ती कधीपासून हेही सांगा. फोटो पाठवताना कागद टेबलावर सपाट ठेवा, पूर्ण घ्या, कडेची कॅलिब्रेशनची (मशीनचं माप दाखवणारी) खूण कापू नका, आणि वेळ पेनाने वर लिहा. थर्मल कागदावरची रेघ पुढे उडते, त्यामुळे फाइलमध्ये झेरॉक्सही लावून ठेवा.