दक्षिणेकडे निघालेली आरव्ही : वाटेतल्या मुक्कामात या चुका टाळा

आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन डेट्रॉइटहून आय-७५ महामार्ग धरला की फ्लोरिडाची हद्द जवळजवळ हजार मैलांवर. दिवसाला ३०० मैल म्हणजे वाटेत तीन मुक्काम : साधारण सिनसिनाटी, नॉक्सव्हिल आणि मेकनच्या आसपास. नोव्हेंबर-डिसेंबरात यातले पहिले दोन गोठणाऱ्या थंडीचे धरूनच चाला. नुकसान होतं ते बहुतेक याच दोन रात्रींत.

सगळ्यात महाग पडते ती पाणी भरायची घाई. नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रावण) घालून निघाला असाल, तर ते मेकन मागे पडेपर्यंत राहू द्या. तिथेही पुढच्या तीन रात्रींचा अंदाज शून्याच्या वर असेल तरच टाकी भरा. गाडी गारठली की पंपाच्या गाळणीचं प्लास्टिकचं भांडं, बाहेरच्या शॉवरचा नळ आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह आधी तडकतात. तडा दिसत नाही; गळती कळते ती फ्लोरिडात पाणी सोडल्यावर. तोवर पिण्या-स्वयंपाकाला २० लिटरचा कॅन गाडीच्या आत ठेवा. टॉयलेटमध्ये पाण्याऐवजी तेच गुलाबी द्रावण, दर वेळी कपभर. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच हवं. इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

दुसरी तक्रार नेहमीची : रात्री दोन वाजता फर्नेस, म्हणजे गाडी गरम ठेवणारं प्रोपेन गॅसचं यंत्र, गार हवा फेकायला लागते. लोक थंडीत कुडकुडत बाहेर जाऊन प्रोपेनची टाकी बदलतात, आणि फरक काहीच पडत नाही. दोष बहुधा बॅटरीत असतो. फर्नेसचा पंखा ७-८ अँपिअर ओढतो. बारा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ जरी फिरला, तरी ४५ अँपिअर-अवर गेले. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून वापरण्याजोगे असतात ५०च, आणि थंडीत त्याहूनही कमी. व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो, त्याच्या वाऱ्याने शिडासारखी हलणारी ‘सेल स्विच’ची पट्टी जागची हलत नाही, आणि वारा पुरेसा नाही म्हणून फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गॅस सोडत नाही. पंखा फिरतोय पण पेटण्याची टकटक ऐकू येत नाही, ही त्याची खूण. झोपण्याआधी मल्टिमीटर लावा : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. निम्मीच असेल तर थर्मोस्टॅट १३ अंश सेल्सिअसवर आणा आणि जाड रजया काढा. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका.

ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं किंवा रात्रभर जनरेटर चालू ठेवणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मचं बटण रोज दाबून बघा. छताचा व्हेंट दोन बोटं उघडा असू द्या. नाहीतर कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या झाल्या तरी काचांवरून पाणी ओघळतं, मग गाद्या खालून ओल्या होतात.

जागेबद्दल. वॉलमार्टच्या सगळ्याच आवारांत रात्री थांबता येत नाही. ते त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि गावच्या नियमांवर असतं. दुपारीच फोन करून विचारा. परवानगी मिळाली तरी स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढू नका, गाडी समपातळीत ठेवणारे जॅक टेकवू नका : डांबरात खड्डे पडतात आणि पुढच्यांची सोय जाते. ट्रक स्टॉपवर ट्रकच्या जागा अडवू नका. ट्रक ड्रायव्हरचे गाडी चालवण्याचे कायद्याने ठरलेले तास संपलेले असतात, त्याला पुढे जाता येत नाही. फ्लोरिडात महामार्गावरच्या रेस्ट एरियात तीन तासांची मर्यादा आहे. रात्रीचा मुक्काम तिथे धरू नका.

उत्तरेकडची बरीच कॅम्पग्राउंड ऑक्टोबरअखेर बंद होतात किंवा नळाचं पाणी बंद करतात, म्हणून फोनवर ‘चालू आहे का’ एवढंच न विचारता ‘वीज आहे का, ३० की ५० अँपिअर’ हेही विचारा. ३० अँपिअरवर १५०० वॅटचे दोन हीटर लावले की २५ अँपिअर तिथेच गेले; त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं, सहाच्या आत अंधार होतो. चारपर्यंत पोचा. गाडी समपातळीत आहे ना हे उजेडातच बघा, कारण प्रोपेनवरचा फ्रिज आडव्या बाजूला तीन अंशांपेक्षा जास्त कललेला चालत नाही.