लिनक्स कर्नल बूट होताना मेमरी मागायची कशी?

राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपवर पोरं सारखं विचारतात, भावा, बूटच्या अगदी सुरवातीला केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) मारला तर चालत का नाही. अरे केमॅलॉकला मेमरी पुरवणारा स्लॅबच अजून उभा नाही मर्दा, देणार कोण! तिथं मेमब्लॉक, म्हणजे बूटपुरता मेमरी वाटणारा, वापरायचा. त्याच्याकडं दोन याद्या असतात, मेमरी (असलेली सगळी) आणि रिझर्व्ह्ड (आधीच धरलेली), एक्स८६ वर बायोसच्या ई८२० या मेमरीच्या नकाशातनं पहिली भरते आणि कर्नल स्वतः, इनिटआरडी (बूटला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) असलं जे आधीच बसलंय ते मेमब्लॉक_रिझर्व्हनं दुसरीत टाकायचं, हे पहिलं केलं नाहीस तर तीच जागा दुसऱ्याला देऊन मोकळा होतोय तो. मग मेमब्लॉक_अलॉकला साइज आणि अलाइनमेंट (पत्ता कितीच्या पटीत हवा ते) द्यायची, शून्यानं भरलेली जागा मिळते. नल (म्हणजे जागा मिळाली नाही) तपासायचाच, आला तर सरळ पॅनिक, म्हणजे कर्नल तिथंच थांबवायचा, तिथं दुसरं करणार काय.

आत काय चाललंय बघायचं असेल तर क्यूईमू या एम्युलेटरमध्ये कर्नल कमांड लाइनला मेमब्लॉक=डीबग लाव, कुठल्या फंक्शननं कुठली जागा धरली ते पत्त्यासकट लॉगमध्ये दिसतंय, लय भारी. शेवटी मेमब्लॉक_फ्री_ऑल उरलेली पेजेस बडीला, म्हणजे कर्नलच्या नेहमीच्या पेज वाटणाऱ्याला, देतो, त्यानंतर मेमब्लॉकला हात लावायचा नाही. आणि जुन्या लेखात बूटमेम (बूटच्या वेळचा जुना मेमरी वाटणारा) दिसला तर सोडून दे, २०१८ च्या ४.२० कर्नलमध्येच काढलाय.